हाताला येणारा सोनचाफा: कुडाळहून आणलेल्या कलमाची तीन वर्षं

कलमाला ३२० रुपये पडले. जून २०२२ मध्ये परसात लावलं तेव्हा दोन फुटांचं होतं. आज सात फुटांचं आहे, आणि त्याहून वर मीच जाऊ देत नाही. श्रावणात रोज बारा ते अठरा फुलं निघतात. चैत्र-वैशाखात दोन-तीनवर येतं, पण अगदीच एकही फूल नाही असा आठवडा गेल्या वर्षभरात मला आठवत नाही.

सांगलीत गावभागात माझी घरगुती खानावळ आहे. जेवायच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर पितळी वाटीत पाणी घालून चार फुलं ठेवते. जेवायला येणाऱ्यांपैकी आठवड्याला एक तरी विचारतो, "काकू, हा वास कसला? झाड कुठून आणलं? माझं तर सहा वर्षं झाली, फुलतच नाही." तोंडी सांगून झालं बऱ्याच जणांना. सोनचाफ्याच्या नावाखाली काय काय गळ्यात मारलं जातं ते मी स्वतः भोगलंय, म्हणून आता नीट लिहूनच ठेवते.

आधी जुन्या झाडाचं सांगायला हवं, कारण हे कलम त्याच्या जागी आलं. सासऱ्यांनी लावलेला सोनचाफा परसात होता, बियांपासून वाढलेला. मी लग्न होऊन आले तेव्हाच तो दुमजली वाड्याच्या कौलांच्या वर गेलेला होता. फुलं सगळी शेंड्याला. आमचे हे गच्चीवर चढून वेळवाच्या काठीला आकडी बांधून दहा-बारा काढायचे, बाकीची झाडावरच पिकून खाली पडायची. सकाळी अंगणात पडलेली फुलं वेचायची आणि तीच देवाला. सासूबाईंना ते आवडायचं नाही, खाली पडलेलं फूल देवाला कसं वाहायचं म्हणून त्या कुरकुरायच्या. पण इलाज नव्हता.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात परसात कृष्णेचं पाणी आठ-नऊ दिवस उभं होतं. आम्ही मिरजेला नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा घरभर गुडघाभर गाळ, पण चाफा हिरवागार उभा. म्हटलं, चला, एवढं तरी वाचलं. तर तसं नव्हतं. नवरात्रात पानं मलूल व्हायला लागली, पाणी घातलं तरी वर उचलेनात. दिवाळीपर्यंत खोडाची साल बोटानं दाबली की सैल लागायची, खाली ओलं काळं. मुळंच कुजली होती. सोनचाफ्याला पाणी लागतं, पण साठलेलं पाणी त्याला मारतं. मुळांना हवा मिळाली नाही की ती सडतात, आणि वरच्या पानांना ते कळायला महिना-दोन महिने जातात. ही गोष्ट मी मुद्दाम लांबण लावून सांगतेय, कारण पुढं कलम लावताना सगळा निर्णय हिच्यावरच झाला.

पुढच्या पावसाळ्यात, २०२० च्या जूनमध्ये, हातगाडीवर रोपं विकणारा दारात आला. "ताई, सोनचाफ्याचं कलम आहे, सहा महिन्यांत फूल." खोडाला वितीभर उंचीवर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली. १८० रुपये दिले. पुढच्या अंगणात, पायरीच्या बाजूला उंचावर लावलं. वाढलं काय सांगू! वर्षभरात माझ्या डोक्याएवढं. पानं वीतभर लांब, खोड सरळ काठीसारखं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, ते पायरीपर्यंत येऊन थांबलं, म्हणून हे वाचलं. दुसरं वर्ष संपलं. नऊ फूट उंच झालं, कळी नाही. खत घातलं, खतानं आणखी पानं आली.

मे २०२२ मध्ये भाच्याच्या लग्नाला कुडाळला गेलो होतो. सिंधुदुर्गात सोनचाफ्याच्या कलमांचं काम मोठं आहे. वेलणकर सोनचाफा म्हणून जी जात आता सगळीकडे मागतात ती कुडाळकडचीच. कोकणातल्या बऱ्याच लहान-मोठ्या रोपवाटिकांत तिची कलमं मिळतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाई मला घराजवळच्या एका छोट्या रोपवाटिकेत घेऊन गेल्या. गोणपाटावर बसून एक बाई कलमं बांधत होत्या. मी त्यांना माझं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, रांगेतलं एक रोप उचललं आणि माझा अंगठा धरून खोडावर टेकवला.

"हय गाठ लागता?"

लागत होती. मातीपासून चार-पाच बोटांवर खोड थोडं फुगलेलं होतं. त्या फुगवट्याखालची साल जाडसर आणि राखाडी, वरची जरा बारीक आणि तपकिरी. खोड तिथं एका अंगाला किंचित कलून मग सरळ झालेलं. दोन वेगवेगळ्या झाडांची सालं एकमेकींना मिठी मारून बसलीत हे डोळ्यांनी दिसतं आणि अंगठ्याला त्याहून चांगलं कळतं. पट्टी कधीच काढलेली होती, नुसता तिचा वळ राहिला होता. बाई म्हणाल्या, पट्टी कुणीही बांधील, गाठ कुणाला बांधता येणार नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा पुढच्या अंगणातल्या झाडाला अंगठा लावून बघितलं. खालपासून वरपर्यंत एकसारखं, गुळगुळीत. बियांचं रोप होतं, पट्टी गुंडाळून कलम म्हणून विकलेलं.

यात फरक नुसत्या पैशांचा नाही. बियांच्या सोनचाफ्याला फूल यायला सात-आठ वर्षं लागतात, कधी दहासुद्धा. कलमात खाली बियांच्या रोपाचा खुंट असतो, आणि वर बांधलेली काडी फुलावर आलेल्या झाडाची असते. ती काडी वयानं मोठीच असते, तिला लहानपण पुन्हा काढावं लागत नाही, म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळ्या धरते. शिवाय जी काडी बांधली त्याच झाडाची फुलं मिळतात. बियांच्या रोपाला फूल पिवळं येईल की फिकट, भरघोस येईल की तुरळक, हे ते फुलल्याशिवाय कळत नाही.

रांगेत फुलं आलेली कलमंही होती. दीड फुटांच्या काडीला दोन पिवळीधमक फुलं बघून माझा हात तिकडेच गेला. बाईंनी अडवलं. फुलावरचं नेऊ नका, त्याचा सगळा जोर फुलात गेलाय. जाड खोडाचं, बिनकळीचं, गाठीच्या वर नवे फुटवे फुटलेलं घ्या. पिशवी उचलून खालून बघा. पांढरी मुळं भोकांतून डोकावत असतील तर ठीक, मुळांचं वेटोळं बाहेर आलं असेल तर ठेवून द्या. इतकं शिकवून रोप विकणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. या रोपवाटिकेला माझे पैकीच्या पैकी गुण या एका गोष्टीसाठीच आहेत.

एक गोष्ट मात्र त्यांची पटली नाही. पिशवीला अडकवलेल्या छापील कागदावर लिहिलं होतं: दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, खड्डा भरून रोप लावा, आळं करून रोज पाणी द्या. कोकणात हे बरोबर असेल. तिथं जांभा दगड, घातलेलं पाणी तासाभरात खाली निघून जातं. आमच्याकडं कृष्णाकाठची काळी चिकण माती. तिच्यात दोन फुटांचा खड्डा काढून भुसभुशीत माती भरली की तो खड्डा म्हणजे एक पुरलेला रांजण होतो. चारी बाजूंचं पाणी त्यात येऊन बसतं आणि जायला वाट नसते. कलमं घाटावर सर्रास विकली जातात, तर घाटावरच्या मातीसाठी दोन ओळी कागदावर असायला हव्यात. कागद वाचून लावलं असतं तर जुन्या झाडाची गत पहिल्याच पावसाळ्यात झाली असती. ह्याच कारणानं चांगली कलमं मरतात आणि लोक रोपवाटिकेला नावं ठेवतात, असं मला वाटतं.

आम्ही फोंडा घाटातून, राधानगरीवरून परत आलो. कलम माझ्या दोन पायांच्या मध्ये, ओल्या गोणपाटात. घरी आल्यावर लगेच लावलं नाही. न्हाणीच्या आडोशाला सावलीत पंधरा दिवस ठेवलं, नवी पानं ताठ झाली, मग जूनच्या मध्याला एक-दोन पाऊस झाल्यावर लावलं. जुन्या झाडाच्या खड्ड्यात नाही, त्यापासून आठ-दहा फूट लांब, कारण जिथं मुळं कुजली तिथल्या मातीत कुजवणारी बुरशी राहते.

खड्डा काढलाच नाही. पहारीनं जमीन नुसती खणून भुसभुशीत केली आणि तिच्यावर विटांच्या कडेचा गोल ओटा केला, दीड फूट उंच आणि चार फूट रुंद. पन्हाळ्याकडून कुंडीवाल्यानं आणलेली तांबडी माती दोन वाटे, जुनं शेणखत एक वाटा, कुजलेला पालापाचोळा एक वाटा आणि थोडी जाड वाळू. ओट्याच्या तळाच्या विटांमध्ये पाणी बाहेर पडायला फटी ठेवल्या. कलमाची गाठ मातीच्या वर चार बोटं राहील असं लावलं. हे फार महत्त्वाचं. गाठ मातीत गाडली गेली तर ती कुजते. आणि गाठीच्या खालून जो फुटवा येतो तो खुंटाचा असतो, फुलणाऱ्या काडीचा नाही. तो दिसला की लहान असतानाच मोडायचा. गेल्या तीन वर्षांत मी असे पाच-सहा काढले. शेजारच्या वहिनींनी कौतुकानं दोन राखले, आता त्यांच्याकडं खुंटच झाड झालाय आणि कलमाची फांदी बाजूला वाळून गेली.

ऑक्टोबरमध्ये, लावून चार महिने झाले असतील, पानाच्या बेचक्यात पहिली कळी दिसली. रोपवाटिकेच्या बाईंनी बजावलं होतं, पहिल्या सहा महिन्यांतल्या कळ्या खुडून टाका, झाडाला आधी मूळ धरू द्या. मी कात्री घेऊन गेले तर सासूबाई खुर्ची ओढून ओट्याशी बसलेल्या. त्या तेव्हा ८१ वर्षांच्या. डोळ्यांना कमी दिसतं, पण कळी त्यांनी हातानं चाचपून ओळखली होती.

"अगं, खुडू नकोस गं ही."

"आई, झाड अशक्त होतं म्हणे. पुढच्या वर्षी पुष्कळ येतील."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. एक राहू दे, बाकीच्या खुड."

एक ठेवली. आठ दिवस त्या रोज बघत होत्या. कळीवर लव असलेली हिरवट तपकिरी टोपी असते. ती एका बाजूनं उलते, मग अख्खी गळून पडते आणि आतून फिकट पिवळी, मिटलेली बोटं दिसतात. त्या संध्याकाळी वास सुरू होतो. रात्रभर तो वाढतो, आणि पहाटे पाकळ्या सुटायला लागतात तेव्हा तोडायचं. उन्हं वर आली की पाकळ्या मागं वळतात, कडा तपकिरी होतात आणि वास पिकलेल्या फळासारखा जडसर होतो. वसईच्या वाड्यांमधून दादरच्या बाजारात जाणारा सोनचाफाही असाच अंधारात तोडतात, कारण उमललेलं फूल प्रवास सोसत नाही. पहिल्या फुलाच्या मी पाकळ्या मोजल्या, चौदा होत्या. मध्ये हिरवट कणसासारखा दांडा. सासूबाईंनी ते फूल आपल्या हातानं झाडावरून तोडलं. त्या वाड्यात साठ वर्षं राहिल्या, झाड डोळ्यांसमोर होतं, पण झाडावरून स्वतः फूल तोडायची ही पहिली वेळ, असं त्याच म्हणाल्या.

आता वासाबद्दल, कारण खरी परीक्षा तीच. कलमी सोनचाफ्याला वास नसतो असं बरेच जण ठामपणे सांगतात. माझा अनुभव तसा नाही. माझ्या झाडाच्या फुलाचा रंग जुन्यापेक्षा गडद, हळदीच्या गाठीसारखा, आणि पाकळी जाड. वास चांगला भरून येतो. संध्याकाळी परसदार उघडलं की स्वयंपाकघरात फोडणीच्या वासावरही तो चढतो. तरीही जुन्या झाडाचा वास जास्त खोल होता. सासूबाईंच्या उशाशी वाटी ठेवली तेव्हा त्या म्हणाल्या, "हा गोड आहे गं, पण आपल्या चाफ्याला जरा तिखटपणा होता." मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्यांच्या नाकात लहानपणापासून एखाद्या बियांच्या जुन्या झाडाचा वास बसलाय, त्यांना कलमाचा वास एक पायरी खाली वाटेल. ज्यांना तशी आठवण नाही त्यांना काहीच कमी वाटणार नाही. ऋतूप्रमाणंही फरक पडतो. पावसाळ्यात फुलं पुष्कळ पण वास जरा पातळ. थंडी सुरू झाली की फुलं कमी आणि एकेक फूल अख्खी खोली भरून टाकतं. मला विचाराल तर कार्तिकातलं फूल सगळ्यांत चांगलं.

फूल तोडल्यावर दीड दिवस टिकतं. बाजारात दहा रुपयांना दोन मिळतात ती बहुतेक आदल्या दिवशीची असतात, दुपारपर्यंत मान टाकतात. घरी देठ पाण्यात बुडवून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत छान राहतं. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन दिवस. मात्र तो डबा घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर दुधाला वास लागतो. माझं चार लिटर दूध एकदा असंच गेलं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये घोर लागला. नवी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्या. जणू पानावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणलीय. जुनी पानं ठीक. मला वाटलं पाणी जास्त झालं, ते कमी केलं, तर टोकं करपली. मग कृषी सेवा केंद्रात पान घेऊन गेले. तिथल्या मुलानं पाणी कुठलं घालता विचारलं. बोअरचं. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो. त्या क्षारांनी माती चुनखडीसारखी होते, मग मातीत लोह असलं तरी झाडाला ते उचलता येत नाही. सोनचाफा मूळचा डोंगरातल्या आंबट मातीतला, त्याला हे सोसत नाही. उपाय सोपा होता. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी पानांवर फवारलं, असं तीनदा. आणि बोअरचं पाणी बंद करून नळाचं सुरू केलं. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरते, ते पुढं दोन महिने पुरतं. मे महिन्यात आलेली पानं हिरवी आली. सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा इकडच्या लोकांनी हे आधीच ध्यानात ठेवावं. पानं पिवळी दिसली की लोक युरिया टाकतात, आणि त्यानं हे दुखणं बरं होत नाही.

पाणी आता आठवड्यातून दोनदा. उन्हाळ्यात एक दिवसाआड. ओट्यावर नारळाची सोडणं उलटी पसरून ठेवलीत, खानावळीत रोज दोन नारळ फुटतात त्यामुळं त्यांचा तोटा नाही. शेणखत वर्षातून दोनदा, पाटीभर. रासायनिक काही घालत नाही, पुढच्या अंगणातल्या झाडाला घालून नुसती पानं वाढवली होती तो धडा पुरे.

छाटणीला मी फार घाबरत होते. फुलावरच्या झाडाला कात्री लावायची म्हणजे पाप वाटायचं. पण सोनचाफ्याचं फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यात येतं. शेंडा खुडला की खालून तीन-चार फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्यावर कळ्या. न छाटता सोडला तर तो जंगलातल्यासारखा सरळ वर जाऊ बघतो, आणि कलम असलं तरी फुलं पुन्हा आकडीनंच काढावी लागतात. म्हणून फेब्रुवारीत शेंडे सात फुटांवर कापते आणि आत घुसलेल्या बारीक फांद्या काढून टाकते. पहिल्या छाटणीनंतर दीड महिना झाड बोडकं दिसलं, मला रोज परसात जाताना वाईट वाटायचं. जूनमध्ये जे फुटलं ते बघून मन भरलं. पहिल्या वर्षी हंगामात रोज दोन-तीन फुलं होती, छाटणीनंतरच्या पावसाळ्यात आठ-नऊ, आणि या वर्षी अठरापर्यंत.

किडीचा त्रास थोडाच. उन्हाळ्यात कोवळ्या फांद्यांवर पांढरे पिठ्या ढेकूण येतात, त्यांच्यामागं मुंग्या. पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर निंबोळी तेल, एवढ्यानं भागतं. पावसाळ्यात पानं कुरतडलेली दिसतील, त्याला काही करू नका. टेल्ड जे नावाचं काळ्या पंखांवर हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू सोनचाफ्याच्या पानावर अंडी घालतं. आमच्याकडं दरवर्षी सात-आठ अळ्या असतात. दहा-बारा पानं खातात आणि कोष करून निघून जातात. जेवायला येणारी एक नर्सिंगची विद्यार्थिनी कोषातून फुलपाखरू बाहेर येताना बघायला सकाळी सहाला येऊन बसली होती.

आणि साप. सोनचाफ्याच्या वासाला साप येतो म्हणून घराजवळ लावू नये, हे मला निदान वीस जणांनी सांगितलं. साप फुलाच्या वासाला येत नाही. तो उंदीर आणि बेडकांच्या मागं येतो. झाडाखाली अडगळ, विटांचा ढीग, खरकटं ठेवलं तर आंब्याखालीही येईल. आम्ही ओट्याभोवतीची जागा झाडून स्वच्छ ठेवतो. परसात पूर्वी धामण दिसायची, ती जुन्या लाकडांच्या ढिगाऱ्यात. तो ढीग पुरानंच वाहून नेला.

घ्यायचं असेल त्यांच्यासाठी. नुसतं "चाफा" म्हणून मागू नका. देवचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा ही सगळी वेगवेगळी झाडं आहेत, आणि मोबाइलवर "चंपा" म्हणून मागवलं तर पांढऱ्या देवचाफ्याची काडी येण्याचीच शक्यता जास्त. माझ्या चुलतजावेला तशीच आली. घरपोच मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी गाठीचा जवळून काढलेला फोटो मागा, पट्टी काढून. जो विकणारा तो पाठवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. कुडाळच्या रोपवाटिकेनं माझ्या बहिणीला फोटो पाठवला, रोप पुठ्ठ्याच्या खोक्यात मुळांना ओला भुसा बांधून आलं, चार पानं गळली होती पण गाठ शाबूत. पाठवणी धरून तिला ५१० रुपये पडले. पार्सल गाडीत मात्र तीन दिवस पडून राहिलं होतं, म्हणून उन्हाळ्यात मागवू नये, पाऊस सुरू झाल्यावर मागवावं.

ऊन पाच-सहा तास मिळत नसेल तर घेऊ नका. इमारतीच्या पूर्ण सावलीत पानं छान दिसतात, फूल येत नाही. गच्चीवर मोठ्या पिंपात येतो, माझ्या ओळखीत दोघांकडं आहे. पण पिंप दीड-दोन फूट खोल हवं, तळाला भोकं भरपूर हवीत, आणि एप्रिलमध्ये एक दिवस पाणी चुकलं तरी कळ्या गळतात.

पुढच्या अंगणातलं बियांचं झाड मी काढलं नाही. पाच वर्षांचं झालंय, पंधरा फुटांच्या वर गेलंय, अजून कळी नाही. त्याचा काय दोष, ते जे होतं तेच आहे. सासूबाई आता ८४ वर्षांच्या. पहाटे साडेपाचला माझा हात धरून परसात येतात, ओट्याच्या विटांवर एक हात टेकतात आणि दुसऱ्यानं पानांतून चाचपत फुलं काढतात. किती झाली ते बोटांवर मोजतात. उंच फांदीवरची मी काढते, पण आधी त्यांच्या हाताला लागतील तेवढी त्यांची.

मुलीनं नाशिकला बंगलीच्या मागं जागा रिकामी ठेवलीय. तिकडंही काळी मातीच, म्हणून जावईबापूंना विटा आणून ओटा आत्ताच बांधून घ्यायला सांगितलंय. कुडाळच्या बाईंना काल फोन केला. जूनसाठी एक कलम बाजूला ठेवा म्हटलं, जाड खोडाचं, बिनकळीचं. त्या म्हणाल्या, गाठीच्या वर फुटवे आलेलं बघून ठेवते, आणि वर तुमच्या नावाची चिठ्ठी लावते.